संगणक स्मृतीतील वेगसापेक्ष दोष व त्यांचे निदान

संगणक स्मृतीतील वेगसापेक्ष दोष : संगणकाची स्मृती मंद गतीने चालविली असता बिनचूक काम करते, मात्र तिच्यासाठी ठरवून दिलेल्या वेगाने चालविताच साठविलेल्या माहितीत चुका आढळू लागतात, अशा बिघाडास वेगसापेक्ष दोष म्हणतात. स्मृतीतील माहिती ० व १ या दोन अंकांच्या रूपात असते. असा एक अंक म्हणजे एक बिट होय आणि एक बिट साठविणाऱ्या लहानात लहान घटकास कोष्ठ म्हणतात. कोष्ठातील बिघाड सर्वसाधारणपणे तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात कोष्ठ कायमचा निकामी होतो व कोणत्याही वेगाला चुकीचेच उत्तर देतो. दुसऱ्या प्रकारात बाह्य कारणाने एखादा बिट एकदाच उलटतो. कोष्ठ स्वतः निर्दोष राहतो. तिसऱ्या प्रकारात कोष्ठ, तारा, विद्युत् पुरवठा हे सर्व वेगवेगळे तपासल्यास ठीक असतात. पण त्यांच्यातील वेळेचा वा विद्युत् दाबाचा राखीव वाव संपलेला असतो. वेगसापेक्ष दोष या तिसऱ्या प्रकारात मोडतो.

या दोषाचे महत्त्व त्याच्या मूकपणात आहे. बंद पडलेले यंत्र आपला बिघाड स्वतःच जाहीर करते. चुकीचा बिट वाचणारे यंत्र मात्र पुढील आकडेमोड त्याच चुकीवर उभारते आणि उत्तर पूर्वीच्याच ठामपणे छापून देते. म्हणून स्मृती किती वेगवान आहे याबरोबरच तिच्या उत्तरावर कितपत विसंबावे, हा प्रश्न संगणकाच्या आरंभापासून अभियंत्यांपुढे आहे. त्याचा इतिहास पाहिल्यास असे दिसते की, निर्धारित वेग हा एकट्या सुट्या भागाचा गुण कधीच नव्हता. ठराविक तापमान, विद्युत् दाब, जोडणी व शेजारी कोष्ठांची स्थिती यांच्या अधीन राहून दिलेली ती हमी असते. यांपैकी कोणती अट मोडली हे शोधणे, हेच निदानाचे काम होय.

पाऱ्याच्या विलंब नलिका : केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली पूर्ण केली. मॉरिस विल्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेल्या या यंत्राची स्मृती पाऱ्याने भरलेल्या सु. १·५ मी. लांबीच्या नलिकांत होती. नलिकेच्या एका टोकाला विद्युत् स्पंदांचे ध्वनितरंगांत रूपांतर होई. हे तरंग सु. १ मिलिसेकंदाने दुसऱ्या टोकाला पोहोचत, तेथे त्यांचे पुन्हा विद्युत् स्पंद होत व ते पहिल्या टोकाकडे परत पाठविले जात. माहिती अशा रीतीने सतत फिरत ठेवली जाई. लागोपाठच्या दोन स्पंदांत २ मायक्रोसेकंदांचे अंतर होते. पाऱ्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सु. १,४५० मी. असून तो तापमानाच्या एका अंश सेल्सिअस वाढीस सु. ०·०३ टक्के घटतो. हा फरक क्षुल्लक वाटला, तरी १ मिलिसेकंदाच्या प्रवासात त्यामुळे सु. ०·३ मायक्रोसेकंदाचा उशीर होतो. तापमान काही अंशांनी बदलले की, येणारा स्पंद यंत्राच्या घटिकास्पंदाशी जुळेनासा होई. म्हणून नलिकांचे तापमान नियंत्रित ठेवावे लागे. या स्मृतीत पारा, नलिका व स्फटिक हे सर्व निर्दोष असूनही माहिती बिघडू शके. कारण दोष वस्तूत नसून वेळेच्या जुळणीत असे.

ऋण किरण नलिकेतील स्मृती : मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स व टॉम किलबर्न यांनी ऋण किरण नलिकेच्या पडद्यावर विद्युत् भाराचे ठिपके उमटवून त्यांत माहिती साठविण्याची पद्धती विकसित केली. तिची परीक्षा घेण्यासाठी बांधलेल्या लहान संगणकाने २१ जून १९४८ रोजी स्मृतीत साठविलेली आज्ञावली प्रथमच चालविली. ठिपक्यांतील भार अल्पावधीत ओसरत असल्याने तो वारंवार वाचून पुन्हा लिहावा लागे. नलिकेतील कोणताही ठिपका थेट वाचता येत असल्याने पाऱ्याच्या नलिकेप्रमाणे माहिती फिरून येण्याची वाट पाहावी लागत नसे. या फायद्याबरोबर एक नवा दोष आला. एकच ठिपका लागोपाठ वाचल्यास तेथून उडालेले इलेक्ट्रॉन शेजारच्या ठिपक्यांवर पडत व त्यांतील माहिती हळूहळू पुसत. शेजारचा ठिपका बिघडण्यापूर्वी एखादा ठिपका किती वेळा वाचता येतो, ही संख्या त्या नलिकेची कसोटी ठरली. एखादी आज्ञावली निर्धास्तपणे चाले, तर दुसरी त्याच यंत्रावर फसे. कारण दुसरीत एकाच जागेचा वापर अधिक दाट असे. यंत्राचा दोष आज्ञावलीच्या वळणावर अवलंबून असू शकतो, हा धडा येथे प्रथम मिळाला.

व्हर्लविंड व सीमांत तपासणी : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील व्हर्लविंड या संगणकाची योजना मुळात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी होती, पुढे त्याचा उपयोग हवाई संरक्षणाच्या प्रयोगांत होऊ लागला. रडारकडून येणारी माहिती येताच तपासायची असल्याने गणित सावकाश पुन्हा करून पाहण्याची सवड नव्हती. चूक वा विलंब म्हणजे विमानाचे चुकीचे स्थान, असा अर्थ होता. जे फॉरेस्टर व रॉबर्ट एव्हरेट यांच्या गटाने या यंत्रासाठी सीमांत तपासणीची पद्धती रूढ केली. तीत चाचणीची आज्ञावली चालू असताना मंडलाच्या एकेका भागाचा विद्युत् दाब मुद्दाम कमी-जास्त केला जाई. निरोगी इलेक्ट्रॉन नलिका हा बदल सहन करी. जीर्ण होत आलेली नलिका मात्र थोड्याशा बदलानेच चुके. तिचे प्रत्यक्ष कामात चुकणे टाळून ती आधीच बदलता येई. ‘यंत्र चालते का?’ या प्रश्नाऐवजी ‘यंत्र चुकण्यापासून किती दूर आहे?’ असा प्रश्न विचारणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. वेगसापेक्ष दोषांच्या आजच्या निदानाचा पाया तोच आहे.

सीमांत तपासणीनेही व्हर्लविंडच्या साठवण नलिका मात्र पुरेशा भरवशाच्या झाल्या नाहीत. फॉरेस्टर यांनी त्यांच्या जागी फेराइटच्या बारीक कड्यांची, म्हणजे चुंबकीय गाभ्यांची, स्मृती विकसित केली. तिची कसोटी पाहण्यासाठी केनेथ ओल्सेन यांच्या देखरेखीखाली एक स्वतंत्र चाचणी-संगणक बांधण्यात आला आणि ऑगस्ट १९५३ मध्ये ही स्मृती व्हर्लविंडला जोडण्यात आली. परिणामी यंत्राचा वेग सु. दुप्पट झाला, स्मृतीच्या देखभालीस पूर्वी रोज चार तास लागत, ते आठवड्याला दोन तासांवर आले, स्मृतीतील दोन बिघाडांमधील सरासरी काळ दोन तासांवरून दोन आठवड्यांवर गेला.

गाभा स्मृतीतील वाव : गाभ्यांच्या जाळीत प्रत्येक गाभ्यातून एक आडवी व एक उभी तार जाते. निवडलेल्या दोन्ही तारांतून आवश्यक प्रवाहाचा निम्मा-निम्मा भाग सोडला की, त्यांच्या छेदावरील गाभ्याचेच चुंबकन उलटते. ज्या गाभ्यातून केवळ निम्मा प्रवाह जातो, तो तसाच राहतो. गाभा लवकर उलटवायचा तर प्रवाह वाढवावा लागतो; परंतु तो फार वाढविल्यास निम्म्या प्रवाहानेही नको ते गाभे उलटतात. वेग व अचूकता यांमधील ही ओढाताण स्मृतीच्या रचनेतच होती. तापमान वाढल्यास फेराइट सहज उलटू लागते, त्यामुळे सकाळी योग्य असलेला प्रवाह दुपारी अतिरिक्त ठरू शके. यावर उपाय म्हणून काही यंत्रांत प्रवाह तापमानानुसार बदलला जाई, तर आयबीएमच्या काही मोठ्या यंत्रांत गाभे स्थिर तापमानाच्या तेलात बुडविलेले असत.

निम्मा प्रवाह मिळालेले गाभे उलटत नसले, तरी वाचनाच्या तारेत किंचित अनिष्ट संकेत निर्माण करीत. तार विशिष्ट रीतीने ओवून हे संकेत परस्परांना छेदतील अशी व्यवस्था केली जाई. पण ० व १ यांची एखादी विशिष्ट मांडणी अशी असे की, त्यांची बेरीज व्हावी. म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखी ती प्रतिकूलतम मांडणी शोधून तिच्यावरच स्मृतीची परीक्षा घेण्यात येई. दोन प्रवाहांची मूल्ये दोन अक्षांवर घेऊन स्मृती कोणत्या क्षेत्रात बिनचूक चालते हे दाखविणारे आलेखही काढीत. या क्षेत्राच्या आकारामुळे त्यांना अमेरिकन चित्रकथाकार अल कॅप यांच्या ‘श्मू’ या काल्पनिक प्राण्याचे नाव मिळाले. पुढे अर्धसंवाहक स्मृतीसाठी विद्युत् दाब व वेळ या अक्षांवर काढलेल्या आलेखांनाही तेच नाव राहिले.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने बांधलेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक गाभा स्मृतीवरच चालत असे. त्याच्या स्मृतीत आरंभी प्रत्येकी ४० बिटांचे १,०२४ शब्द मावत.

चुका ओळखणारे संकेत : स्मृती कितीही काळजीपूर्वक बांधली, तरी चूक होणारच हे गृहीत धरून ती ओळखण्याचा मार्ग रिचर्ड हॅमिंग यांनी दाखविला. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील रिले-संगणकावर ते आठवड्याच्या सुट्टीत आपली गणिते सोपवीत. या यंत्राला चूक झाल्याचे कळे. परंतु देखरेखीस कोणी नसल्यास ते गणित तेथेच सोडून पुढील गणिताकडे वळे. यंत्राला चूक कळते, तर तिचे स्थानही का कळू नये, या विचारातून त्यांनी चूक-दुरुस्ती संकेत रचले. त्यांवरील निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीने ६४ बिटांच्या शब्दास ८ जादा बिट जोडल्यास एका बिटाची चूक दुरुस्त करता येते व दोन बिटांची चूक ओळखता येते. आयबीएमच्या १९६१ मधील ‘स्ट्रेच’ या यंत्राच्या स्मृतीत ही योजना होती. निदानाच्या दृष्टीने या संकेतांचे मोल दुहेरी आहे : ते उत्तर वाचवितात आणि दुरुस्तीची नोंद ठेवल्यास वाव कमी होत असल्याची पूर्वसूचनाही देतात. ज्या संगणकांत हे जादा बिट नसतात, त्यांत ही सूचना मिळत नाही.

अर्धसंवाहक स्मृती : आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना एका ट्रँझिस्टराच्या व एका धारित्राच्या कोष्ठाची कल्पना १९६६ मध्ये सुचली, तिचे एकस्व १९६८ मध्ये मिळाले. इंटेल कंपनीने ऑक्टोबर १९७० मध्ये विक्रीस आणलेल्या ११०३ या १,०२४ बिटांच्या स्मृतीत प्रत्येक कोष्ठास तीन ट्रँझिस्टर होते. त्यांतील विद्युत् भार गळत असल्याने दर २ मिलिसेकंदांत त्याचे पुनर्भरण करावे लागे. तिला लागणारे नियंत्रक स्पंद परस्परांवर अत्यंत काटेकोर अंतराने यावे लागत. ते थोडे पुढे-मागे झाल्यास माहिती नष्ट होई. शिवाय काही विशिष्ट मांडण्यांतच चुका उद्‌भवत. असे असूनही स्वस्ताईमुळे तिने गाभा स्मृतीची जागा घेण्यास सुरुवात केली.

कोष्ठांची संख्या वाढल्यावर चाचणीच एक समस्या झाली. प्रत्येक कोष्ठाचा इतर प्रत्येक कोष्ठावर होणारा परिणाम पाहायचा, तर वाचनांची संख्या कोष्ठसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका वाचनास १०० नॅनोसेकंद धरले, तर १,०२४ कोष्ठांसाठी सु. ०·१ सेकंद पुरतो. १० लाखांहून थोड्या अधिक, म्हणजे १,०४८,५७६ कोष्ठांसाठी मात्र सु. ३० तास लागतात. रवी नायर, सतीश थत्ते व जेकब अब्राहम यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कोष्ठसंख्येच्या साध्या पटीत पूर्ण होणाऱ्या चाचण्या मांडल्या. अशा चाचण्यांत सर्व कोष्ठ चढत्या व नंतर उतरत्या क्रमाने वाचून लगेच उलट अंकाने भरले जातात. क्रम बदलल्याने शेजाऱ्यांचा परस्परांवरील परिणाम उघडकीस येतो. क्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये तयार केलेल्या मेमटेस्ट८६ या आज्ञावलीने अशी तपासणी घरगुती संगणकावरही शक्य केली.

आल्फा कणांचा शोध : सर्वच चुका वाव संपल्यामुळे होतात, असे नाही. एप्रिल १९७८ मध्ये इंटेलमधील टिमथी मे व मरी वुड्स यांनी दाखविले की, मंडलाच्या वेष्टनातील युरेनियम व थोरियम यांच्या अत्यल्प अंशांतून निघणारे आल्फा कण कोष्ठातील भार पालटू शकतात. पुढील वर्षी जेम्स झीग्लर व विल्यम लॅनफर्ड यांनी विश्वकिरणांमुळेही असे घडू शकते, हे गणिताने मांडले. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधील स्कारबीक येथील मतदानात एका उमेदवारास ४,०९६ मते जादा नोंदली गेली. ही संख्या २ चा १२ वा घात असल्याने एकच बिट उलटला असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. फेरतपासणीत चूक पुन्हा घडली नाही. त्या उमेदवारास शक्य असलेल्या मतांपेक्षा अधिक मते भरल्यामुळेच ती लक्षात आली. अशी चूक पुन्हा घडवून आणता येत नाही. वेगसापेक्ष दोष मात्र तीच परिस्थिती निर्माण केल्यास बहुधा पुन्हा दिसतो. निदानात हा भेद प्रथम करावा लागतो.

समकालिक स्मृती व तारांतील वेळ : १९९० नंतर स्मृतीचे काम संगणकाच्या घटिकास्पंदाशी बांधले गेले. घटिकास्पंदाच्या दोन्ही कडांवर माहिती पाठविणाऱ्या स्मृतीचे पहिले मानक २००० मध्ये आले. तिच्या चौथ्या पिढीचे २०१२ मध्ये व पाचवीचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. या काळात विद्युत् दाब २·५ व्होल्टवरून १·१ व्होल्टपर्यंत उतरला. लक्षणीय बाब अशी की, उघडलेल्या ओळीतील माहिती मिळण्यास लागणारा काळ मात्र सु. १० ते १५ नॅनोसेकंदच राहिला. वेग वाढला तो मुख्यतः कोष्ठ व प्रक्रियक यांमधील वाहतुकीचा. चौथ्या पिढीत सेकंदाला ३,२०० दशलक्ष बिट एका तारेवरून जातात, तेव्हा प्रत्येक बिटाच्या वाट्यास ३१२·५ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात मुद्रित फलकावरील संकेत सु. ५ सेंमी. पुढे जातो. अशा स्थितीत तारांच्या लांबीतील फरक, खाचेतील मळलेला संपर्क, एकाच मार्गावरील दुसऱ्या पट्टीमुळे होणारे परावर्तन यांपैकी काहीही वाव खाऊन टाकण्यास पुरेसे असते. म्हणून संगणक सुरू होताना प्रत्येक तारेची वेळ स्वतः मोजून जुळवून घेतो.

स्मृतिपट्टीवरील एका लहान मंडलात तिचे मान्य वेग व वेळा नोंदलेल्या असतात. मानकापेक्षा अधिक वेगाची नोंदही त्यात ठेवण्याची सोय इंटेलने २००७ मध्ये आणली. पट्टीवर छापलेला वेग अनेकदा या दुसऱ्या नोंदीतला असतो. तो पट्टीपुरता तपासलेला असला, तरी प्रक्रियकातील स्मृती-नियंत्रक व मुख्य फलक यांनी तो पेलावाच, असे बंधन नसते. त्यामुळे पट्टी, फलक व प्रक्रियक हे तिन्ही आपापल्या जागी निर्दोष असताना त्यांचा संयोग सदोष ठरतो.

निदानाची पद्धती : प्रथम चाचणीच्या अनेक फेऱ्या करून चुकीचे स्थान व बिट नोंदतात. प्रत्येक फेरीत तेच स्थान चुकत असल्यास तो कोष्ठ दुबळा असतो. अनेक स्थानांवर एकच बिट चुकत असल्यास ती तार किंवा खाचेतील संपर्क संशयास्पद ठरतो. चुका दर वेळी नव्या जागी विखुरलेल्या असतील, तर वेळेची जुळणी, विद्युत् पुरवठा किंवा नियंत्रक यांकडे लक्ष जाते. त्यानंतर वेग मानकाइतका उतरवितात; चुका थांबल्यास दोष वावाचा आहे, हे ठरते. मग एकच पट्टी ठेवून ती वेगवेगळ्या खाचांत तपासतात. चूक पट्टीबरोबर फिरली तर दोष पट्टीचा, खाचेपाशीच राहिली तर फलकाचा वा नियंत्रकाचा होय. पट्ट्या एकेकट्या ठीक असून एकत्र चुकत असल्यास दोष भाराचा असतो. शेवटी मूळ वेग ठेवून वेळेच्या मर्यादा सैल करणे, उत्पादकाच्या मर्यादेत दाब किंचित वाढविणे व तापमान कमी करणे हे उपाय स्वतंत्रपणे करून पाहतात. एका वेळी एकच अट बदलणे हा या साऱ्याचा नियम होय. दोन अटी एकदम बदलल्यास दोष नाहीसा झाला, तरी त्याचे कारण अज्ञातच राहते. चाचणी दोष असल्याचे सिद्ध करू शकते, नसल्याचे नव्हे. म्हणून ज्या वेगाला स्मृती जेमतेम उत्तीर्ण होते, त्याहून एक पायरी खालचा वेग महत्त्वाच्या कामासाठी निवडणे इष्ट असते.

अलीकडील अनुभव : बिआंका श्रोडर, एदुआर्दो पिन्हेरो व वोल्फ-डीट्रिख वेबर यांनी गूगलच्या संगणकांचे सु. अडीच वर्षांचे निरीक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार वर्षाकाठी ८ टक्क्यांहून अधिक स्मृतिपट्ट्यांत चुका आढळल्या व त्यांत तात्पुरत्या चुकांपेक्षा कायमच्या दोषांचा वाटा मोठा असावा, असे दिसले. योंगू किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये १२९ पट्ट्या तपासल्या. त्यांपैकी ११० पट्ट्यांत एकच ओळ वारंवार उघडल्याने शेजारच्या ओळींतील बिट उलटले. मँचेस्टरच्या पडद्यावर सहा दशकांपूर्वी दिसलेला शेजाऱ्याचा उपद्रव अशा रीतीने सिलिकॉनमध्ये पुन्हा प्रकट झाला. कोष्ठ जवळ आले, भार लहान झाला व वेग वाढला की, वाव घटतो. मग जो दोष मागील पिढीत मिटला असे वाटते, तो पुढील पिढीत नव्या रूपात परततो. म्हणून स्मृतीचा निर्धारित वेग सांगताना तो कोणत्या तापमानाला, कोणत्या दाबाला, कोणत्या जोडणीत व किती काळ तपासला, हे सांगणे त्या आकड्याइतकेच आवश्यक ठरते.